दोन बिऱ्हाडं, एक नवा वाडा

दहा वर्षांचा लॅपटॉप सुरू व्हायला चार-पाच मिनिटं घेऊ लागला की घरोघरी तो भंगारात काढायची भाषा सुरू होते. मला त्याचं फार वाईट वाटतं. बहुतेक वेळा थकलेली असते ती आतली हार्ड डिस्क. तिच्या तबकड्या बहुतेकदा मिनिटाला 5400 वेळा फिरतात आणि प्रत्येक फाइलसाठी हेडला जागा शोधत सरकावं लागतं. एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये हलणारं काहीच नसतं. त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा एसएसडी जुन्या डिस्कच्या जागी चपखल बसते.

बसवणं सोपं, बिऱ्हाड हलवणं अवघड. माझ्या लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू अशी दोन बिऱ्हाडं नांदत होती. दोन्ही नव्यानं थाटायची म्हणजे बसलेली घडी मोडायची. म्हणून मी क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, करायचं ठरवलं. आधी महत्त्वाच्या फाइली तिसऱ्याच डिस्कवर घेतल्या. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद केलं. बिटलॉकर हे विंडोजचं डिस्ककुलूप चालू असेल, तर त्याची 48 अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्यावी. मग नवी डिस्क यूएसबी केसमध्ये घालून जोडली आणि पेनड्राइव्हवरून क्लोनझिला सुरू केलं. तैवानमध्ये तयार झालेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

कुठली डिस्क वाचायची आणि कुठल्या डिस्कवर लिहायचं, हे ते विचारतं. इथे अजिबात घाई करू नका! उलट निवड झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सगळं जातं. डिस्कचं नाव, मॉडेल आणि आकार मोठ्यानं वाचा, मगच होकार द्या.

उबुंटू आपला विभाग यूयूआयडी नावाच्या ओळखक्रमांकावरून शोधते. क्लोनमध्ये तो क्रमांकही जसाच्या तसा येतो, म्हणून सगळं बिनतक्रार सुरू होतं. पण त्याच कारणानं दोन्ही डिस्क एकदम जोडून लॅपटॉप सुरू करू नये. एकाच क्रमांकाच्या दोन डिस्क दिसल्या की गोंधळ होतो. नव्या डिस्कवर उरलेली मोकळी जागा नंतर जीपार्टेड या सॉफ्टवेअरनं विभागांना जोडता येते.

एकच कळकळीची विनंती. नव्या डिस्कवर दोन्ही प्रणाली महिनाभर नीट चालेपर्यंत जुनी डिस्क पुसू नका. तिच्यावर तारीख लिहा आणि कपाटात ठेवा.