देवणीच्या श्रोत्यांसाठी दोन वेबसाइट

पीककर्ज असो की पीकविमा, सातबारा लागतोच. 'महाभूलेख' या सरकारी वेबसाइटवर विभाग, लातूर जिल्हा, देवणी तालुका, मग गाव निवडा आणि गट नंबर टाका. उतारा फुकट दिसतो, पण तो फक्त पाहण्यापुरता. बँकेत द्यायचा असेल तर 'डिजिटल सातबारा' या वेबसाइटवरून 15 रुपये भरून डिजिटल सहीचा उतारा काढा. ही सोय 1 मे 2018 पासून आहे. त्यावर तलाठ्याची वेगळी सही लागत नाही. उताऱ्याखाली पडताळणी क्रमांक असतो. तो वेबसाइटवर टाकला की उतारा खरा की खोटा, लगेच कळतं. जमिनीचा व्यवहार करणाऱ्यानं तर ही पडताळणी केलीच पाहिजे.

दुसरी वेबसाइट माझ्या विशेष आवडीची. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोची. तिथं आपल्या देवणी गोवंशाची नोंद आहे. पांढरा बालंक्या, तोंडाच्या बाजूला काळा असलेला वानेरा, अंगावर काळे ठिपके असलेला शेवरा. हे तिन्ही प्रकार आपल्या पशुपालकांना तोंडपाठ. तरीही शाळकरी मुलांना ही नोंद जरूर दाखवा.

आणि एक विनंती: डिजिटल सातबारा काढताना मोबाइलवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नका.