खर्जाचे ओझे



कालच्या व्याख्यानाचा विषय उपनिषदांतला आत्मविचार होता आणि उद्याचा आहे ऊस आणि पाणी. या दोहोंच्या मध्ये ऑर्केस्ट्रातल्या एका बेस गिटारवाल्याला उभे करण्याचे धाडस चालकांनी केले, त्याबद्दल त्यांचे आभार मानावेत की त्यांची कीव करावी, हे आपण तासाभराने ठरवा. मी वक्ता नव्हे. गेली अडतीस वर्षे मी रंगमंचाच्या मागच्या बाजूला, ड्रमच्या शेजारी उभा राहून वाजवीत आलो. पुढे येऊन बोलण्याची पाळी आजच आली.

बेस गिटार म्हणजे काय, हे येथल्या तरुण मंडळींना सांगायला नको. वडीलधाऱ्यांसाठी दोन शब्द सांगतो. गिटारसारखेच दिसणारे, पण चारच जाड तारांचे हे वाद्य. कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर या गृहस्थाने त्याचे आजचे रूप १९५१ साली बाजारात आणले. त्यापूर्वी खर्जाचे काम डबल बेस करीत असे. ते माणसाहून उंच, मोठ्या पोटाचे वाद्य. आपल्या मुंबईच्या चित्रपट-ध्वनिमुद्रणांत गोव्याकडच्या वादकांनी ते पुष्कळ वर्षे वाजविले. फेंडरच्या वाद्याला पोटच नाही. ते भरीव लाकडाचे, आणि म्हणून त्याला स्वतःचा असा आवाजही जवळजवळ नाही. तो आवाज ध्वनिवर्धकाने द्यायचा. आम्ही त्याला नुसते ‘अँप’ म्हणतो. म्हणजे झाले काय, तर वाद्य खांद्याला अडकविण्याइतके हलके झाले आणि त्याचे पोट वेगळे होऊन टेम्पोत जाऊन बसले!

हे पोट किती वजनाचे असावे? अमेरिकेतल्या अँपेग कंपनीने १९६९ साली एक अँप काढला. चौदा व्हॉल्व्ह, तीनशे वॅट, आणि त्याचे नुसते डोके अडतीस किलोच्या आसपास. त्याच्याखाली दहा इंची आठ स्पीकरांचे, कपाटाएवढे खोके. (पेटी म्हटले की आपल्याला हार्मोनियम आठवते, म्हणून मी खोके म्हणतो.) रोलिंग स्टोन्स या मंडळींनी त्याच वर्षीच्या अमेरिकेच्या दौऱ्यात हे अँप वापरले, आणि मोठ्या मैदानावर खर्ज कसा ऐकू यावा याचे जणू मापच ठरून गेले. तेव्हापासून बेस वाजविणाऱ्याच्या मनात एक समीकरण घट्ट बसले: जड म्हणजे चांगला.

माझा अँप त्या घराण्यातला, पण गरीब शाखेतला. १९९१ साली मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका कारागिराने तो मला बांधून दिला. चार ईएल-३४ व्हॉल्व्ह, शंभर वॅट, तेवीस किलो. पंधरा इंची एका स्पीकरचे खोके अठ्ठेचाळीस किलो. त्याचा नाद कसा होता म्हणून विचाराल, तर गोल, जरा सैल, आणि जोराने तार छेडली की किंचित घोगरा होणारा. एखाद्या प्रेमळ म्हाताऱ्याने दम द्यावा तसा. पंचवीस वर्षे मी त्या आवाजाला माझा आवाज समजत आलो. पडद्याआडून ऐकूनही लोक ओळखीत की आज अमुक वाजवतो आहे.

आणि २०१६ च्या गणेशोत्सवात, एका गावच्या शाळेच्या जिन्यावरून ते खोके चढविताना मी पाय घसरून पडलो. खोके वाचले. कंबरेतल्या दोन मणक्यांमधली चकती सरकली. सहा आठवडे बिछान्यावर. डॉक्टर म्हणाले, “यापुढे पंधरा किलोच्या वर काहीही उचलायचे नाही.” मी म्हटले, “मग वाजवायचे कसे?” ते म्हणाले, “तो प्रश्न माझ्या शास्त्रातला नाही.” घरी मंडळी म्हणाली, “अहो, आता पुरे झाले.” आमच्यात हमाल ठेवण्याइतकी बिदागी कोणालाच मिळत नाही. तेव्हा प्रश्न अगदी सरळ होता: हलका अँप, नाहीतर वाजविणे बंद.

बाजारात गेलो. एका दुकानात मुलाने एक डबा दाखविला, जेवणाच्या डब्याहून थोडा मोठा. वजन अडीच किलो. त्यावर लिहिलेले, आठशे वॅट! शेजारी एका दहा इंची स्पीकरचे गोंडस खोके. मी दुकानात बसून हळू आवाजात पाच मिनिटे वाजविले. गोड वाटले. पैसे मोजले, घेऊन आलो. पहिलाच कार्यक्रम उघड्या मैदानावर होता. दुसऱ्या गाण्यातच आमचा ड्रमवाला मान वळवून माझ्याकडे पाहू लागला. मी वाजवतो आहे की नाही, हे त्याला कळेना. आवाज मोठा केला तर स्पीकर फडफडू लागला. माझा म्हातारा कोठेच नव्हता. कोणी शिष्ट तरुण टाइपरायटर बडवीत होता.

त्या रात्री मी त्या नव्या विद्येला यथेच्छ शिव्या दिल्या. पुढे दोन-तीन महिने त्याच विद्येची माहिती काढण्यात घालविले, तेव्हा कळले की चूक निम्मी माझीच होती. ती कशी, ते सांगतो.

आधी वजन गेले कोठे, ते पाहू. घरातल्या विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तने करतो. एवढ्या संथ प्रवाहावर पुष्कळ शक्ती वाहून न्यायची, तर ट्रान्सफॉर्मरला मोठे लोखंड लागते. नवा डबा काय करतो, की त्याच विजेची सेकंदाला लाखभर आवर्तने करून घेतो. हौद मोठ्या घागरीने भरा की झपाझप तांब्याने भरा, पाणी तेवढेच पडते. हात तेवढा जलद पाहिजे. तांब्या लहान, म्हणून ट्रान्सफॉर्मर मुठीएवढा.

दुसरे, उष्णता. आपल्या घरी पंख्याचा जुना, विटेएवढा रेग्युलेटर आठवतो का? पंखा हळू केला की तो तापायचा, कारण नको असलेली वीज तो अंगावर घेऊन जाळीत असे. नवा रेग्युलेटर वीज अडवून जाळीत नाही, क्षणाक्षणाला चालू-बंद करतो, म्हणून तापत नाही. जुने अँप आणि आजचे ‘क्लास डी’ अँप यांत फरक आहे तो साधारण असाच. यातले ट्रान्झिस्टर सेकंदाला काही लाख वेळा पूर्ण उघडतात आणि पूर्ण मिटतात. अर्धवट उघडे राहून तापत नाहीत. मग उष्णता बाहेर टाकणारे अल्युमिनियमचे ओझेही गेले. तिसरे, स्पीकरचे चुंबक. १९८०च्या दशकात निओडिमियमची चुंबके निघाली. ती इतकी जोरदार, की जुन्या वजनाच्या लहानशा हिश्शात तेच काम होते.

आता सांगा, पन्नास आवर्तनांच्या लोखंडात माझा नाद होता काय? नव्हता. ते लोखंड हमालीचे होते.

मग नाद होता कोठे? येथे मी एक साधा प्रयोग केला, आणि आज जे काही माझ्याकडून घेण्यासारखे असेल ते एवढेच. मित्राच्या दोन मुलांना बोलावून जुने खोके खाली उतरविले आणि नवा अडीच किलोचा डबा त्या जुन्या खोक्याला जोडला. तार छेडली, आणि अहो, म्हातारा परत आला! सगळा नाही, पण ओळख पटण्याइतका. मग उलट केले. जुना व्हॉल्व्हचा अँप नव्या लहान खोक्याला जोडला. टाइपरायटर. जरासा घोगरा टाइपरायटर. (हा उलटा प्रयोग करताना खोक्याचे ओहम आणि अँपच्या मागचे ओहम जुळलेच पाहिजेत, आणि व्हॉल्व्हचा अँप स्पीकर न जोडता कधीही चालवू नये. आतला ट्रान्सफॉर्मर जळतो.)

म्हणजे मी दोष देत होतो डोक्याला, आणि बिघाड होता पोटात. हिशेब केला असता तर आधीच कळले असते. स्पीकर हवा ढकलतो ती आपल्या क्षेत्रफळाने. पंधराचा वर्ग दोनशे पंचवीस, दहाचा शंभर. म्हणजे माझे पोट मी निम्म्याहून लहान केले होते. शिवाय स्वर एक सप्तक खाली न्यायचा, तर तेवढ्याच आवाजासाठी चौपट हवा हलवावी लागते. आठशे वॅट घाला की आठ हजार. स्पीकरचा कागद जेवढा पुढेमागे जाऊ शकतो तेवढाच जाणार, मग फडफडणार. वॅटांचा आकडा तर फारच फसवा. वॅट दुप्पट केले तर आवाज दुप्पट होत नाही, जेमतेम जाणवेल एवढा वाढतो. दुप्पट वाटायला साधारण दहापट लागतात. त्यातही डब्यावरचा आकडा चार ओहमचा असतो. माझे एकटे खोके आठ ओहमचे होते, त्यावर तेवढी शक्ती येतच नव्हती.

दुकानातली गोडी का वाटली, याचेही उत्तर आहे. १९३३ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी दाखवून दिले की आवाज हळू असताना आपल्या कानाला खर्ज फारच कमी ऐकू येतो, आणि आवाज वाढला की तो भराभर जागा होतो. तेव्हा हळू आवाजात निवडलेला अँप म्हणजे केवळ छायाचित्र पाहून ठरविलेले लग्न. आणि एकट्याने वाजवून तरी काय कळणार? आमचे वाद्य संसारी आहे; ड्रम आणि कीबोर्ड यांच्या गर्दीत ते टिकते की नाही, हेच पाहायचे असते.

येथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेची सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात. आणि मघाशी सांगितलेले ते आठ स्पीकरांचे नामांकित खोके? त्याच्या उत्पादकाच्याच पत्रकाप्रमाणे ५८ कंपनांपाशी त्याचा आवाज उतरणीला लागलेला असतो, आणि ४० पाशी तो, शक्तीच्या हिशेबाने, एक दशांश उरतो. म्हणजे ज्या खर्जासाठी जग त्याला नमस्कार करते, तो मूळ स्वर ते खोके धड देतच नाही! देते ते त्याचे उपस्वर, ८२ आणि १२३ कंपनांचे, अगदी भरघोस. मूळ स्वर आपले कान भरून काढतात. जुन्या टेलिफोनवर सेकंदाला तीनशेच्या खालची कंपने येत नसत, आणि पुरुषाच्या आवाजाचा पाया त्याच्या पुष्कळ खाली असतो. तरी पलीकडे काका बोलतात की काकू, हे आपण चुकत नव्हतो. तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर हेच जाणतो. तो तारेची जाडी बदलीत नाही, उपस्वर जागे करतो. ‘खर्ज वाढवा’ म्हणून अगदी तळाचा खुंटा पिळणाऱ्या तरुण वादकांना माझे सांगणे आहे की खुंटा पिळायचाच तर त्याच्या जरासा वरचा, शंभराच्या आसपासचा पिळा. तळाचा थोडा कमीच करा. स्पीकर वाचतो आणि आवाज मोठा वाटतो.

मग मी दुसऱ्यांदा खरेदीला गेलो. या वेळी डब्याकडे पाहिलेही नाही, तो होताच. निओडिमियमच्या बारा इंची एकेका स्पीकरची दोन खोकी घेतली. बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस, दोन्ही मिळून दोनशे अठ्ठ्याऐंशी; माझ्या जुन्या पंधराहून जास्तच. प्रत्येकी बारा किलो. एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरे, कावड घेतल्यासारखा तोल राहतो आणि कंबर तक्रार करीत नाही. दोन्ही जोडली की चार ओहम होतात, आणि डब्याला आपली शक्ती दाखविता येते. दुकानदाराला म्हटले, “तीन दिवस द्या, कार्यक्रमात वाजवून पाहतो, नाहीतर परत.” तो कबूल झाला. जो कबूल होत नाही त्याच्याकडून घेऊ नये.

घोगरेपणाचे तेवढे राहिले होते. तो खरोखरच व्हॉल्व्हचा होता. व्हॉल्व्ह शक्तीच्या शेवटाला आला की एकदम फाटत नाही, हळूहळू वाकतो. त्यासाठी पायाशी ठेवण्याचे एक लहान यंत्र मिळते, ते गिटार आणि डबा यांच्यामध्ये लावले. अर्धा किलो वजनाचे. तारा मात्र सपाट वेटोळ्याच्या, जुन्याच ठेवल्या. अमेरिकेतले जेम्स जेमरसन तशा तारा वर्षानुवर्षे बदलीत नसत, हे आमच्या धंद्यात सर्वांना ठाऊक आहे, आणि कंजूषपणाला एवढे मोठे नाव पाठीशी मिळाल्यावर मी का बदलू?

सगळे परत आले काय? नाही. खोटे बोलणार नाही. जुना अँप स्पीकरवर जरा सैल लगाम ठेवी. तार थांबली तरी कागद क्षणभर डोलत राही, त्यातून तो सैल गोलपणा येई. नवा डबा लगाम कसून धरतो. सूर थांबला की स्पीकर थांबतो. आणि पूर्वी मागे उभे राहिले की पाठीला जो वाऱ्याचा धक्का बसे, सदरा हले, तो आता तितका बसत नाही. प्रेक्षकांना हे कळत नाही. आमच्या ड्रमवाल्याला कळते. तो एकदा म्हणाला, “दादा, आता तुम्ही जास्त स्वच्छ वाजवता.” मला ते कौतुक वाटले नाही.

दुरुस्तीचेही दुःख आहे. जुना बिघडला तर तो कारागीर तासाभरात डाग देऊन उभा करी. नव्याची आतली पाटीच्या पाटी बदलावी लागते, आणि ती मिळेपर्यंत हात चोळीत बसावे लागते. विकत घेताना हे आधी विचारून ठेवा. मंडपात जनरेटरची वीज वरखाली होते, म्हणून डब्याच्या मागे १०० ते २४० व्होल्ट असे लिहिले आहे का, तेही पाहा. आणि एक बारीकसारीक गोष्ट: एवढा हलका डबा खोक्यावर ठेवला की खर्जाच्या थरथरीने सरकत सरकत कडेला येतो आणि खाली पडतो. माझा दोनदा पडला आहे. खाली रबराची चटई घाला.

जुना अँप मी विकला नाही. आज चालकांनी हट्टाने तो येथे आणविला आहे. चार स्वयंसेवक लागले, त्यांना चहा मिळाला असेल अशी आशा आहे. माझ्यामागे पडद्याआड तो आणि नवा, दोन्ही मांडले आहेत. मी आत जाऊन एकच ओळ दोनदा वाजवितो. कोणता आधी, ते सांगणार नाही. अध्यक्षांनी श्रोत्यांचे हात मोजावेत, एवढी विनंती आहे.

(यानंतर वक्त्यांनी दोन्ही ध्वनिवर्धकांवर वादन करून दाखविले.)