पडद्यावरची एकटी आई आणि आपण प्रेक्षक



एकट्या आईने चालविलेले घर चित्रपटात दिसले की आपण त्यातून काय घेतो, याचा आज थोडा विचार करू. उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. यश चोप्रांचा 'दीवार' १९७५ साली आला, लेखक सलीम-जावेद. त्यातला बाप कामगार पुढारी. बायकामुलांच्या जिवाला धोका म्हणून तो मालकाच्या कागदावर सही करतो आणि पुढे बदनामीने घर सोडतो. आई दोन मुलांसह मुंबईला येते, बांधकामावर राबते. थोरला विजय तस्कर होतो, धाकटा रवी पोलीस अधिकारी.

हे पाहून कित्येकजण म्हणतात, "बापाचा धाक नसला की पोरगं वाया जातं." पण रवीलाही बाप नव्हताच ! आई तीच, हालही तेच. मग फरक कुठे पडला ? 'बाप चोर' असे विजयच्या हातावर गोंदले ते चिडलेल्या लोकांनी. धाकट्याच्या शिक्षणासाठी लहानपणी राबला तोही विजयच. लेखकांनी हे स्पष्ट दाखविले, आपण मात्र नेमके तेवढेच विसरतो.

आपली दुसरी खोड देव्हाऱ्याची. 'मदर इंडिया' (१९५७) मधल्या राधेला आपण देवी केले. देवी म्हटले की तिच्या मजुरीची, कर्जाची चौकशी करावी लागत नाही. उलट 'निल बटे सन्नाटा' (२०१६) मधली मोलकरीण चंदा मुलीच्याच वर्गात जाऊन बसते. ती देवी नाही, शिकणारी बाई आहे. म्हणून ती मला अधिक खरी वाटते.

मी बँकेत काम करतो, म्हणून एक गोष्ट सांगतो. १९५६ च्या पालकत्व कायद्यात, जो बौद्धांनाही लागू आहे, बापाच्या 'नंतर' आई पालक. गीता हरिहरन यांनी मुलासाठी रोखे घेताना पालक म्हणून केलेली सही मान्य झाली नाही. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, 'नंतर' म्हणजे केवळ मृत्यूनंतर नव्हे. बाप जबाबदारी घेत नसेल तरीही आईच पालक.

कायद्याने नजर बदलली. आता आपली पाळी. पडद्यावरच्या आईसाठी रुमाल भिजवणाऱ्यांनी शेजारच्या एकट्या बाईच्या मुलाला "तुझा बाप कुठाय ?" असे चारचौघांत विचारू नये. तेही एक गोंदणेच आहे.