हिशेब शिकवणाऱ्या बाई



शाळेत शिकवणारी सिस्टर आपल्याला परकी नाही. कॉन्व्हेंटात पोराचा नंबर लागावा म्हणून आपण वशिलासुद्धा शोधतो. पण तीच सिस्टर खेड्यात जाऊन मजुराला सावकाराच्या वहीतला आकडा वाचायला शिकवू लागली, की काहींच्या डोळ्यांत खुपू लागते.

सिस्टर राणी मारिया यांचा जन्म २९ जानेवारी १९५४ रोजी केरळातल्या पुल्लुवळी गावचा. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघात दाखल होऊन त्या उत्तर प्रदेशातल्या बिजनौरला आल्या. तिथे आधी शाळेत शिकवलं, मग समाजकार्य हाती घेतलं. १९९२ मध्ये त्या आपल्याच मध्य प्रदेशात, देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आल्या. तिथला आदिवासी शेतकरी कर्जात बुडालेला होता. सिस्टरांनी बचत गट बांधले, बँकेचा आणि सरकारी योजनांचा रस्ता दाखवला. साहजिकच सावकाराची मिळकत आटू लागली.

२५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये समंदरसिंह नावाच्या तरुणानं प्रवाशांदेखत त्यांना भोसकून मारलं. वय अवघं ४१. त्याला जन्मठेप झाली. आपल्याला चिथावण्यात आलं होतं, असं पुढे त्यानंच सांगितलं. २००२ मध्ये राणी मारियांच्या धाकट्या बहिणीनं, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. त्याच्या सुटकेसाठी या कुटुंबानंच शब्द टाकला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात चर्चनं राणी मारियांना ‘धन्य’ घोषित केलं.

आता घराजवळचं उदाहरण. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा वेगळा होईपर्यंत आपण मोहगावकर छिंदवाडा जिल्ह्यातलेच. त्या जिल्ह्यातल्या बारूलच्या दयाबाई मूळच्या केरळातल्या मर्सी मॅथ्यू. सोळाव्या वर्षी सिस्टर व्हायला घर सोडलं, पुढे कॉन्व्हेंटही सोडलं आणि त्या गोंडांमध्ये येऊन राहिल्या. त्यांच्यासारखंच लुगडं नेसल्या. बारूलला शाळा काढली, बायकांचे गट उभे केले आणि दलाल-सावकारांचा रोष ओढवून घेतला. २०१५ मध्ये केरळातच, त्यांचा वेष पाहून, बसमधून त्यांना अपमान करून उतरवण्यात आलं.

एक संघात राहिली, दुसरी बाहेर पडली. दोघींनी शिकवलं मात्र एकच: आपला हिशेब आपण ठेवा. मुलांना पाढे शिकवणाऱ्या बाईंचा आपण सत्कार करतो, आणि त्याच बाईंनी आईला व्याजाचा हिशेब शिकवला तर ‘राजकारण करते’ म्हणतो. ही आपली दुटप्पी वागणूक आहे. शिक्षण आणि समाजकार्य ही दोन वेगळी कामं नव्हेतच.

सौंसर-पांढुर्ण्यात बचत गट आपल्याकडेही आहेत. इथे निवृत्त मास्तर बसलेत, कॉलेजात शिकणाऱ्या मुली बसल्यात. त्यांना माझी एकच विनंती आहे. आठवड्यातली एक संध्याकाळ जवळच्या गटाला द्या. प्रत्येक बाईनं आपलं पासबुक स्वतः वाचेपर्यंत तिथून हलू नका.