कुंभाराचा आवा

आपल्याच प्रवरेकाठी, नेवाशास, १९५४ ते ५६ च्या उत्खननात सातवाहनकाळच्या थरांत रोमन मद्यकुंभांची खापरे निघाली. ते कुंभ भाजले कसे? रोमन भट्टीला दोन मजले. खाली जाळ, मध्ये भोकांचा कट्टा, वर भांडी. सरपण भांड्यांना लागत नसे, आच तेवढी वर चढे. इकडेही भट्टी अगदीच अपरिचित नव्हती. इनामगावी तीन हजार वर्षांहून जुनी गोल भट्टी सापडली आहे.

माझे माहेर कुंभाराचे. आमचा आवा उघड्यावर. गोवऱ्या नि मडकी एकत्रच रचायची. भट्टी बांधायला पैसा कुठला? वाऱ्याचा झोत आला की मडकी तडकत. पावसाने आवा विझला, त्या रात्री आईने चूल पेटविली नाही. आम्हीही काही मागितले नाही.