डोंगराची राखण
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आजच्या मंगल प्रसंगीं आपल्या देवळाच्या इतिहासावर बोलावें, अशी कित्येकांची अपेक्षा असेल. परंतु त्या विषयांत मजहून अधिकारी माणसें येथें बसलेलीं आहेत. मला बोलावयाचें आहे तें गवताविषयीं, शेळ्यांविषयीं आणि डोंगराविषयीं. हा विषय देवळाला परका नाहीं. आदामास बागेंत ठेविलें तें मशागत व राखण या दोन कामांसाठीं, असें उत्पत्तीचें पुस्तक सांगतें. मशागत आपण पिढ्यान्‌पिढ्या केली. राखण मात्र मागें पडली.

आपला नगर जिल्हा, ज्याला २०२४ पासून सरकारी दप्तरीं अहिल्यानगर म्हणतात, हा बहुतांशीं पर्जन्यछायेंतील मुलूख. पश्चिमेस अकोल्याच्या डोंगरांत पाऊस कोसळतो, आणि पूर्वेकडे येतां येतां तो इतका विरळ होतो कीं पेरणीचाही भरंवसा राहत नाहीं. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडून पोट भरलेलीं माणसें अजून आपल्यांत आहेत. त्यांस मी काय सांगावें! उघड्या डोंगरावर पडलेला पाऊस माती घेऊन ओढ्यावाटें निघून जातो, आणि होळीच्या सुमारास विहिरी तळ दाखवूं लागतात.

स्वित्झर्लंडचे येशूसंघीय फादर हर्मन बाखर १९४८ सालीं भारतांत आले व त्यांनीं आपल्या आयुष्याचा मोठा भाग या जिल्ह्याच्या शेतकऱ्यांसाठीं वेंचला. २०२१ सालीं ते देवाघरीं गेले. विहिरींतून पाणी उपसतां येतें, पण तें भरावयाचें असेल तर डोंगरावरच अडवावें लागतें, ही त्यांच्या कामामागील साधी गोष्ट. त्यांच्या पुढाकारानें १९८९ च्या सुमारास भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची जुळवाजुळव झाली. साह्य जर्मन सरकारचें, व्यवस्था नाबार्डची. आणि १९९३ सालीं फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनीं वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था उभी केली. काम माथ्याकडून पायथ्याकडे चालावयाचें: वर समतल चर व झाडें, उतारावर बांध, ओढ्यांत बंधारे. मात्र पैशाआधीं अट होती. गांवानें प्रथम श्रमदान करून दाखवावें, कुऱ्हाडबंदी पाळावी आणि चराईबंदी मान्य करावी.

या शेवटच्या शब्दापाशीं मला थोडें थांबावयाचें आहे, कारण आपल्याकडील भाषणांत तो फार सहज उच्चारला जातो. चराई बंद करण्यामागील कारण खरें आहे. उजाड दिसणाऱ्या डोंगरांतही गवताचीं मुळें व झाडांचे बुडखे जिवंत असतात. कोंब वर येतो न येतो तोंच शेळी तो खुडते. दोन-तीन पावसाळे तोंड लागलें नाहीं, तर गवत आपोआप उभें राहतें. परंतु बंदी कोणावर? ज्याची विहीर पायथ्याशीं आहे त्याच्या मळ्यांत पाणी वाढतें. ज्यास जमीन नाहीं, दहा शेळ्या हीच ज्याची पेढी, त्याचा डोंगर जातो. पाणी खालीं साठतें आणि बंदी वर बसते! संगमनेर तालुक्यांतील दरेवाडीस हा प्रश्न तीव्रतेनें उभा राहिला, कारण तेथें जनावरांवर जगणारीं कुटुंबें होतीं. अशा वेळीं डोंगर एकदम न मिटतां भागाभागानें मिटावा, हाच मला न्यायाचा मार्ग दिसतो.

नगर तालुक्यांतील हिवरे बाजारचें नांव सर्वांस ठाऊक आहे. श्री. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर त्या गांवानें मोकाट चराई थांबविली व विळ्यानें गवत कापून नेण्याची मुभा ठेविली. शेतीसाठीं विंधन विहीर घ्यावयाची नाहीं, ऊस व केळी लावावयाची नाहीं, हेंही ग्रामसभेंत ठरलें. दर वर्षीं पाऊस व विहिरी मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात: आधीं माणसांस व गुरांस, उरेल तें पिकांस. ऊस लावण्याची ऐपत असलेल्यानें ऊस सोडला, म्हणून शेळी सोडण्यास दुसऱ्यास सांगण्याचें तोंड त्या गांवास राहिलें. तथापि कापलेलें गवत गाईला घालावयाचें, तर आधीं गाय हवी. आणि भूमिहीनास ती कोण देणार, हा प्रश्न पुष्कळ गांवीं अनुत्तरितच आहे.

अकोले तालुक्यांतील कोंभाळण्याच्या श्रीमती राहीबाई पोपेरे यांस २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली. त्या शाळेंत गेल्या नाहींत. पण वाल, घेवडा, भात यांचें गांवठी बियाणें त्यांनीं घरीं मातींत व राखेंत जपलें आणि शेतकऱ्यांस वाटलें. जैवविविधता हा शब्द जड वाटला, तर आपल्या आजीच्या उतरंडीची आठवण करावी.

२००२ च्या कायद्यान्वयें प्रत्येक ग्रामपंचायतीनें जैवविविधता समिती नेमून गांवच्या झाडाझुडपांची, पिकांची व जनावरांची नोंदवही ठेवावयाची असते. ती पंचायतीच्या कपाटांत असेल तर मागून घ्या व वाचा. त्यांत आपली बोरबाभळ, आपलें पवन्या गवत आहे कीं नाहीं, तें पाहा. नसल्यास म्हाताऱ्या माणसांस विचारून लिहा.

आणि आपल्या गांवच्या डोंगराविषयीं ग्रामसभा भरेल, तेव्हां मेंढपाळांस व शेळ्या पाळणाऱ्या बायांस निरोप आधीं धाडावा. कोणता उतार प्रथम मिटावयाचा आणि कोणता उघडा ठेवावयाचा, हें त्यांच्या तोंडून ऐकून मगच चरांची आंखणी करावी.