कर्करोगावर जंतूंची मात्रा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



आरोग्यविषयक चार शब्द सांगावेत अशी विश्वस्तांची सूचना आली, तेव्हा मधुमेह किंवा रक्तदाब हा नेहमीचा विषय घ्यावा असे प्रथम मनात आले. परंतु गेल्या वर्षीचा एक प्रसंग मनातून जात नव्हता. पासष्टीच्या घरातील एक गृहस्थ मूत्राशयाच्या कर्करोगावर माझ्याकडे उपचार घेत होते. दुर्बिणीतून गाठ काढून झाली होती आणि त्यानंतर दर आठवड्याला एक याप्रमाणे सहा वेळा मूत्राशयात औषध सोडावयाचे होते. तीन मात्रा झाल्या आणि ते येईनासे झाले. दूरध्वनी केला, तो त्यांच्या चिरंजीवांनी घेतला. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, खोक्यावर बीसीजी लिहिले आहे. क्षयाच्या जातीचे जिवंत जंतू वडिलांच्या अंगात कशासाठी सोडता?" प्रश्न रागाने विचारलेला होता, पण अस्थानी नव्हता. आपण काय देत आहोत हे मी त्या कुटुंबाला नीट समजावून सांगितलेच नव्हते. तेव्हा सांगावयास हवे होते ते आज आपणासमोर मांडतो.

ही कथा न्यूयॉर्कमध्ये सुरू होते. विल्यम कोली हा तरुण शल्यचिकित्सक तेथील रुग्णालयात काम करीत होता. हाताच्या हाडाचा कर्करोग झालेली सतरा वर्षांची एक मुलगी त्याच्याकडे आली. कोपराखालून हात कापूनही तिचा रोग अंगभर पसरला आणि जानेवारी १८९१ मध्ये ती गेली. हा मृत्यू कोलीच्या जिव्हारी लागला. त्याने रुग्णालयाची जुनी दप्तरे चाळावयास घेतली. त्यांत एका जर्मन स्थलांतरिताची नोंद सापडली. त्याच्या मानेवरची गाठ अनेकदा कापूनही पुन्हा वाढत होती. पुढे त्याला विसर्प, म्हणजे आपली जुनी माणसे ज्याला धावरे म्हणत तो त्वचेचा जंतुसंसर्ग झाला. ताप भडकला, आणि ताप उतरता उतरता गाठही विरघळून गेली. कोलीने गरीब वस्त्यांतील चाळींचे जिने चढउतार करून त्या माणसाला शोधून काढले. इतकी वर्षे लोटूनही गाठीचा मागमूस नव्हता.

मग कोलीने धाडस केले. १८९१ मध्येच एका इटालियन रुग्णाला त्याने विसर्पाचे जिवंत जंतू टोचले. अनेक प्रयत्नांनंतर एकदाचा ताप चढला आणि गाठ ओसरली. मात्र जिवंत जंतू आवरणे कठीण होते. काही रुग्ण संसर्गानेच दगावले. तेव्हा त्याने दोन प्रकारचे जंतू मारून त्यांचे मिश्रण तयार केले. जानेवारी १८९३ मध्ये पोटात मोठी गाठ असलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला ते दिले गेले. तो मुलगा बरा झाला आणि पुढे सव्वीस वर्षांनी हृदयविकाराने वारला.

मग हे औषध मागे का पडले? कोलीवर अन्याय झाला असे लिहिण्याची प्रथा आहे. मला ते अर्धेच पटते. त्याचे मिश्रण एकसारखे नसे, मात्रा बदलत, कोणास लागू पडेल हे आधी सांगता येत नसे आणि नोंदीही अपुऱ्या होत्या. क्ष-किरणांचा उपचार डोळ्यांदेखत गाठ लहान करून दाखवीत होता. कोलीच्याच रुग्णालयातील जेम्स युइंग यांच्यासारख्या विद्वानाने शंका घेतली, यात नवल ते काय? १९३६ मध्ये कोली निवर्तला. त्याची कागदपत्रे जपली आणि अभ्यासली ती त्याच्या कन्येने, हेलन कोली नॉट्स यांनी. त्या वैद्यकीय पदवीधर नव्हत्या, तरी १९५३ मध्ये कर्करोग व प्रतिकारशक्ती यांच्या संशोधनासाठी त्यांनी न्यूयॉर्कमध्ये संस्था उभी केली.

आता बीसीजीकडे वळू. फ्रान्समधील लील येथे काल्मेट आणि गेरँ या दोघांनी गाईंना होणाऱ्या क्षयाचे जंतू बटाट्याच्या कापांवर, बैलाच्या पित्तात वाढवले. या सभेत कंदमुळाचे आणि पित्ताचे नाव घेताना संकोच वाटतो, पण इतिहास आहे तसा सांगावा लागतो. दर तीन आठवड्यांनी नवी पेरणी, अशा सुमारे २३० पेरण्या तेरा वर्षांत झाल्या. मध्ये पहिले महायुद्ध येऊन गेले, तरी पेरणी चुकली नाही. अखेर जंतूचा विखार गेला आणि १९२१ मध्ये लस म्हणून तो प्रथम दिला गेला.

क्षयरोग्यांत कर्करोग कमी आढळतो, असे अमेरिकेत रेमंड पर्ल यांनी १९२९ मध्ये मांडले. त्यांच्या अभ्यासाची पद्धत सदोष होती हे पुढे सिद्ध झाले. तरी या जंतूंकडे कर्करोगाच्या संदर्भात लक्ष गेले ते असे. १९७६ मध्ये कॅनडात डॉ. मोरालेस यांनी मूत्राशयाच्या कर्करोगाच्या नऊ रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. सहा मात्रा का, तर त्यांना मिळालेल्या लशीच्या एका खोक्यात सहाच कुप्या असत! आजही पहिला टप्पा सहाच मात्रांचा आहे. १९९० मध्ये अमेरिकेने या उपचारास मान्यता दिली. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही हे औषध बनविले आहे.

हे जंतू गाठ खाऊन टाकतात असा समज असेल तर तो सोडावा. बारीक नळीतून औषध आत जाते आणि सुमारे दोन तास लघवी रोखून धरावी लागते. तेवढ्या वेळात जंतू मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतात. शरीराला परकीय शत्रू आल्याची वर्दी मिळते, रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धावून येतात आणि त्या धुमश्चक्रीत कर्कपेशी ओळखल्या जाऊन मारल्या जातात. लघवीला जळजळ, बारीक ताप, वारंवार जावे लागणे हा त्याच लढाईचा भाग असतो. ताप जास्त चढला किंवा एक दिवसाहून अधिक टिकला, तर मात्र तत्काळ कळवावे. मात्रेनंतर सहा तास शौचकूपात ब्लीचिंगचे द्रावण टाकावे. प्रतिकारशक्ती फार क्षीण असलेल्यांना किंवा लघवीतून उघड रक्त जात असताना हे औषध देत नाहीत. रोग मूत्राशयाच्या स्नायूत उतरला असेल तर याचा उपयोग नाही. तेथे शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

इतर कर्करोगांत अद्याप असे यश आलेले नाही. विषमज्वराच्या कुळातील दुबळे केलेले जंतू उंदरांच्या गाठीत शिरून चमत्कार करीत. अमेरिकेत तेच पंचवीस रुग्णांच्या शिरेत दिले गेले. २००२ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा एकाचीही गाठ कमी झालेली नव्हती. म्हणून "जंतूंनी कोणताही कर्करोग बरा" अशी जाहिरात दिसली, तर पैसे खिशातच ठेवावेत.

सभेपूर्वी एका ज्येष्ठ श्रावकांनी विचारले, सूक्ष्म जीव असे वापरणे कितपत योग्य? याचा निर्णय मुनिमहाराजांकडून घ्यावा. मी एवढेच सांगतो की लघवीतून वेदनेविना रक्त गेले, एकदाच गेले, तरी लपवू नये. या रोगाचे सर्वात मोठे कारण धूम्रपान आहे, हेही येथील तरुणांनी ऐकून ठेवावे.

ते गृहस्थ परत आले. मी चिरंजीवांना शेजारी बसवून हे सारे सांगितले आणि उरलेल्या तीन मात्रा पूर्ण झाल्या. गेल्या महिन्यात दुर्बिणीतून पाहिले तेव्हा अस्तर स्वच्छ होते. पुढील तपासणी तीन महिन्यांनी आहे. या वेळी तारीख चिरंजीवांनीच वहीत लिहून घेतली.